आडापलीकडच्या तालमीचा रायबोसोम

गणपतीच्या देखाव्याच्या उद्घाटनाच्या संध्याकाळी आडापलीकडच्या तालमीच्या रायबोसोमनं मुख्य पाहुण्यांच्या अंगावर अर्धवट साज फेकला. साजात ओळीनं पाच कासवं होती, मग एक मासा, आणि मासा झाल्यावर काहीच नव्हतं. थर्माकोलचा होता म्हणून फेट्यावर निभावलं. लोक हसले, बायका जास्त हसल्या, आणि कृष्णात मशीनच्या मागं उभा राहून चरकाकडं असा बघत होता, की पाहणाऱ्याला वाटावं चरकानंच दगा दिलाय. चरकाचा काही दोष नव्हता. चूक कृष्णातची होती. सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, अगदी भक्तिभावानं केलेली. ती चूक कुठली हे त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, आणि कळल्यावरही ती त्याला चूक वाटली नाही.

कृष्णात मूळचा मुरगूडचा. तरुणपणी कोल्हापुरात आला तो रसवंती घेऊन. स्टँडाजवळ दोन लोखंडी रुळांचा चरक मांडला, घुंगरं बांधली, उन्हाळा बरा गेला. पावसाळा लागल्यावर रस कोण पितंय? चरक ताडपत्रीखाली आणि कृष्णात आडापलीकडच्या तालमीच्या कट्ट्यावर, असे दोघे भिजत बसले होते. त्या वर्षी तालमीला गणपतीच्या डोक्यामागं फिरणारं चक्र पाहिजे होतं आणि फिरवायला काही नव्हतं. कृष्णातनं चरकाला मोटर लावली, रुळाला पट्टा लावला, चक्र फिरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रसाच्या ग्लासाला आजवर कुणी टाळ्या वाजवलेल्या नव्हत्या. रसवंती पुन्हा उघडली नाही.

पोटासाठी तो विजेच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरायला शिकला. उद्यमनगरात त्याचं गाळेवजा दुकान आहे. पण ओळख विचारली तर तो सांगतो, देखावेवाला. दरवर्षी त्याच चरकावर नवा देखावा. एका वर्षी राक्षसाचे हात हलवले, एका वर्षी महापुरातली बचाव नाव चालवली, गेल्या वर्षी चंद्रावर यान उतरवलं. चरक एकदाही बदलला नाही. वर्षभर तो तालमीच्या मागच्या खोलीत असतो आणि कृष्णात आठवड्यातनं एकदा जाऊन त्याला तेल पाजतो. बायको बनाबाई म्हणते, माझ्या गुडघ्यांची एवढी काळजी घेतली असती तर मी अजून जोतिबा चालत चढले असते.

तर असा हा माणूस, आणि यंदा त्याचा तो चरक जाणार की राहणार, हा प्रश्न होता. तालमीच्या मंडळाचा नवा उपाध्यक्ष राजवीर याच्या मनात एलईडी वॉल होती. राजवीर वाईट पोरगा नाही, फक्त त्याला हलणारी प्रत्येक वस्तू पडद्यावर बघायची सवय आहे. गेल्या वर्षी समोरासमोरच्या दोन तालमींनी चंद्रावर उतरणारं यानच केलं होतं, त्यात आपलं यान मध्येच अडकलं, आणि राजवीरनं तेव्हापासून धोशा लावला होता. शेवटी अध्यक्ष हंबीररावांनी निवाडा दिला. यंदा शेवटची संधी. घरगुती गणपती गेले की खेड्यापाड्यातनं देखावे बघायला टेम्पो भरून माणसं येतात. तोवर मशीन धड चाललं तर चाललं. नाहीतर उरलेल्या दिवसांना एलईडी, पुढच्या वर्षी एलईडी, आणि मागच्या खोलीत साउंडचे बॉक्स ठेवायचे म्हणून चरक भंगारात.

"आनि इषय असा पायजे," हंबीरराव म्हणाले, "की दुसऱ्या तालमीला करता तर न्हायच, उच्चारतापन येऊ नये."

त्यांची पुतणी संयोगिता एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. ती चहा द्यायला आली होती. ती म्हणाली, "रायबोसोम करा."

हंबीररावांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला, दोन्ही वेळा वेगवेगळा आला, आणि विषय मंजूर झाला.

रायबोसोम म्हणजे काय हे मंडळाला नंतर समजावून सांगावं लागलं. संयोगितानं वर्गात सांगते तसं सांगितलं. आपल्या अंगात जे काही राबतं, रक्तातनं प्राणवायू वाहणारं, पोटात भाकरी फोडणारं, दंडाची बेटकुळी उठवणारं, ते बहुतेक सगळं प्रथिनांचं असतं. प्रथिन म्हणजे एक माळ. मणी वीस प्रकारचे; कुणाच्या मागं कुणी यायचं हे ठरलेलं. माळ पुरी झाली की दुमडून आपला आकार धरते, आणि तो आकार काम करतो. क्रम चुकला की आकार चुकला. ही माळ ओवणारं यंत्र म्हणजे रायबोसोम. एकेका पेशीत लाखोंनी असतात. त्यांना निरोप येतो तो एका लांब पट्टीवर, चारच अक्षरांच्या लिपीत. तीन अक्षरं मिळून एक मणी ठरतो.

"आनि मनी आनतंय कोन?" कृष्णातनं विचारलं. त्याला माळेचं कौतुक नव्हतं, वाहतुकीचं होतं.

"त्याला वेगळे हमाल आहेत. हमालाच्या एका टोकाला तीन अक्षरांची जोड, दुसऱ्या टोकाला एक मणी. ज्याची जोड पट्टीवर बसेल तोच आत येतो, मणी देतो आणि रिकामा होऊन बाहेर पडतो."

"न बसनारा?"

"तो धक्का खाऊन परत जातो."

"मार्केट यार्डच की," कृष्णात म्हणाला, आणि त्याचं निम्मं मशीन तिथंच तयार झालं.

उरलेलं निम्मं बाबालालनं दिलं. बाबालाल सराफांच्या गुजरीत पटवेकरी आहे. सोनार घडवून देतात ते दागिने रेशमी दोऱ्यात ओवायचं त्याचं काम. कृष्णातच्या चरकाएवढाच तोही तालमीत जुना. तो म्हणाला, "माळच करायची तर साजाची करा की. मनी चुकला तर कोल्हापुरात कुनाला कळनार न्हाय. साजाचं पान चुकलं तर साऱ्या बायकांस्नी कळंल."

हे त्यानं फायदा म्हणून सांगितलं होतं.

साज म्हणजे आपल्याकडची ती गळ्यातली माळ. चंद्र, कमळ, कासव, मासा, बेलपान अशी नक्षीची पानं आणि मध्ये मणी. बाबालालनं पानांचा क्रम लावून दिला, संयोगितानं त्या क्रमाचा निरोप पट्ट्यांत लिहून दिला, आणि कृष्णातनं मशीन उभं केलं. सायकलच्या चेनला पत्र्याच्या पट्ट्या, एकेक पट्टी म्हणजे एकेक अक्षर, लाल, पिवळ्या, हिरव्या, निळ्या. प्रत्येक रंगाचा दात वेगळ्या उंचीचा, कारण चरकाला रंग दिसत नाहीत, उंची कळते. खालचा लहान रूळ पट्टी वाचणार, वरचा मोठा रूळ पानाला पान जोडणार. खऱ्या रायबोसोमचेही असेच दोन भाग असतात, लहान वाचतो आणि मोठा जोडतो, हे ऐकल्यावर कृष्णात दोन दिवस रस्त्यानं मान ताठ करून चालला. पत्र्याचे हमाल डोक्यावर एकेक पान घेऊन फिरत राहायचे, आणि शेवटी "बस्स, झालं" असं सांगणाऱ्या तीन पट्ट्या आल्या की एक स्प्रिंग पुरा साज झुलवत गणपतीपुढच्या ताटात टाकणार. स्प्रिंगचा जोर पुऱ्या साजाच्या वजनाला बेतलेला. अर्धा साज तेवढ्याच जोरानं कुठवर जातो, हे मुख्य पाहुण्यांनी पुढं दाखवून दिलंच.

एकाच गोष्टीवर दोघांचं वाजलं होतं. संयोगितानं निरोपाच्या तोंडाला तीन पट्ट्यांची एक खूण दिली होती, 'इथून सुरू'. कृष्णातनं ती चेनला लावली, पण मशीनला ती ओळखायला शिकवलं नाही.

"सुरुवात सुरुवातीलाच असती की," तो म्हणाला. "तिला आनि येगळी खून कशाला? पयल्या पट्टीपासनं तीन-तीन मोजायचं."

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी संयोगिता मांडवात आली आणि चेन हातात घेऊन पट्ट्या बघत बसली. कृष्णात, बाबालाल आणि हंबीरराव तिच्याभोवती उभे. राजवीर जरा लांब, फोनवर एलईडीवाल्याशी बोलत, पण ऐकू जाईल एवढ्या अंतरावर.

"काका, ही पहिली लाल पट्टी कुठली?"

"श्री."

"कसली श्री?"

कृष्णातनं पट्टी वळवून दाखवली. लाल पत्र्यावर सोनेरी रंगात, सुबक, वर कमानीसकट काढलेला श्री होता.

"ही मी दिली नव्हती."

"तू कशी देशील? सुरू मी करनार हुतो. श्री घातल्याबिगर काय सुरू करत्यात व्हय? वान्याच्या यादीवर श्री असतोय, लग्नाच्या यादीवर श्री असतोय. उसाच्या ट्रॉलीवर असतोय. आनि गनपतीच्या म्होरं, गनपतीच्याच मशीनला नको?"

संयोगितानं कपाळाला हात लावला नाही. ती कॉलेजात शिकवते, तिला सवय आहे. ती म्हणाली, "वडापची जीप आठवा. एका बाकड्यावर तिघं. रांगेत तिघातिघांची घरं उभी आहेत, प्रत्येक घर एका बाकड्यावर बसणार. आता सगळ्यांच्या पुढं एकटा पाहुणा जाऊन बसला. काय होईल?"

"पयल्या बाकड्यावर पावना आनि पयल्या घरातली दोघं," बाबालाल म्हणाला.

"आणि त्या घरातला तिसरा?"

"दुसऱ्या बाकड्यावर. परक्यांत."

"आणि हे शेवटच्या बाकड्यापर्यंत. एकच पाहुणा वाढला, पण एकही घर एकत्र राहिलं नाही. श्रीचं तेच झालं. तीन-तीनची वाटणी एकानं सरकली. म्हणून कमळाच्या जागी कासव, बेलपानाच्या जागी कासव. आणि असं सरकल्यावर 'बस्स, झालं' ही जोड भलत्याच ठिकाणी तयार झाली, म्हणून मध्येच थांबलं. खऱ्या पेशीतही असंच होतं. अक्षर वाढलं किंवा गळलं, की पुढचं सगळं वाया."

"मग काढा की तो श्री," राजवीर फोन छातीशी धरून म्हणाला.

हंबीररावांनी त्याच्याकडं बघितलं. "पूजा झालीया तेची. नारळ फोडलाय. तू काढ. काढ की. आमी हितं उभा हाय."

राजवीरनं फोन परत कानाला लावला.

कृष्णातला एकदम सुचलं. "अजून दोन लाल पट्ट्या घालूया. श्री, गणेशाय, नमः. तीन झाल्या. पावन्याचं घर पुरं झालं, त्येचं बाकडं येगळं."

संयोगितानं चेनवर बोटानं तीन पट्ट्या मोजल्या. "होईल तसं. तीन वाढल्या की वाटणी परत रुळावर येते, हे खरंय. पण त्या तिघांचंही एक पान येणार, साजाच्या सगळ्यात पुढं. तीन लाल म्हणजे काय येतं?"

सगळ्यांनी हमालांकडं बघितलं. कासव यायचं.

"न्हाय," बाबालाल म्हणाला. तो फारसा बोलत नाही, त्यामुळं त्याचं न्हाय मोठं वाटतं. "साज कासवापासनं सुरू व्हनार न्हाय. काल माझ्या दुकानात बाया इचारून गेल्या, बाबाभाई, तुमीच ओवलंय का त्ये. मला गुजरीत बसायचं हाय अजून."

मग कृष्णातनं तो प्रश्न विचारला जो त्यानं महिन्यापूर्वी विचारायला हवा होता. "खरा रायबोसोम काय करतोय?"

"तो पहिल्या पट्टीपासून मोजतच नाही," संयोगिता म्हणाली. "लहान भाग पट्टीवर बसतो आणि नुसता सरकत जातो. सुरुवातीची खूण सापडली की मग मोठा भाग येऊन बसतो आणि ओवणं सुरू. खुणेच्या आधी काय लिहिलंय त्याचा मणी होत नाही."

"म्हंजे खुनेच्या आदी कायतरी असतंय."

"असतंच. प्रत्येक निरोपाच्या तोंडाला अशी न ओवायची पट्टी असतेच."

कृष्णात हळूच हसला. "बग. तिथंबी कुनीतरी श्री घातलाय."

आता करायचं काय ते ठरलं, पण मशीन उघडावं लागणार होतं. कृष्णात हे काम एकट्यानं, दार लावून करतो. यंदा वेळ नव्हता. त्यानं मागची बाजू सगळ्यांसमोर उघडली. आधी चांद्रयानाचा पत्रा निघाला. त्याच्या आत महापुराच्या नावेची कप्पी, त्याच्या आत राक्षसाच्या हातांचे दांडे, त्याच्या आत पहिल्या वर्षीच्या चक्राचा पट्टा. आणि सगळ्यात आत, तेलानं काळे झालेले, एका बाजूला किंचित डुलणारे चरकाचे दोन रूळ. एका खिळ्याला रसवंतीचं एक घुंगरूही राहून गेलं होतं.

"एवढं सगळं ठेवलंय कशाला?" संयोगितानं विचारलं. "राक्षसाचे दांडे आता काय करतात?"

"हमाल फिरवत्यात."

"आणि नावेची कप्पी?"

"ती काढली की दांडं अडकत्यात." कृष्णातचा आवाज जरा खाली आला. "राजवीरनं एकदा नवा गिअरबॉक्स आनलाता. लई गुळगुळीत. चरक काढून त्यो बसवला तर मशीन हललंच न्हाय. का, तर चरक डुलतोय. आनि त्येच्यावरचं सगळं त्या डुलन्याला धरून बसवल्यालं. डुलनं गेलं, की सगळ्यांची मापं चुकली. परत चरक घातला."

संयोगिता मांडी घालून त्या उघड्या मशीनपुढं बसली. तिनं जे सांगितलं ते कॉलेजातल्या वर्गात तिनं अनेकदा सांगितलं असेल, पण तिथं समोर चरक नसतो.

"रायबोसोमही असाच आहे. माणसाचा घ्या, म्हशीचा घ्या, उसाचा, नाहीतर दह्यातल्या जंतूचा. सगळ्यांचा उघडून एकमेकांवर ठेवला तर आतला गाभा एकच. चार अब्ज वर्षांच्या आसपास जुना. बाहेरचे थर मात्र निराळे. जंतूंचा आटोपशीर, आपला जास्त भरगच्च. नवीन जे आलं ते बाहेरून चिकटलं, आतल्याला धक्का न लावता."

"आतलं सुदारलं का न्हाई कुनी?" हंबीररावांनी विचारलं.

"आबा, पेशीतली सगळी प्रथिनं तिथंच होतात. गाभा बदलला तर एक माळ चुकत नाही, सगळ्याच चुकतात, एकदम. ज्यांच्यात तसं झालं ते उरलेच नाहीत. उरलो ते सगळे गाभ्याला हात न लावणाऱ्यांचे वंशज."

कृष्णातनं राजवीरकडं बघितलं. राजवीरला अचानक फोनमध्ये फार महत्त्वाचं काही दिसलं.

बाबालाल मघापासून हमाल पुसत होता. तो म्हणाला, "मला एक सांग पोरी. ह्ये मशीन माळा करतंय. मशीनचं हातपाय कशाचं?"

"बरेचसे माळांचेच. प्रथिनांचे."

"मग पयलं मशीन कुनी केलं? माळ न्हाय तर मशीन न्हाय, आनि मशीन न्हाय तर माळ न्हाय."

"यावर शास्त्रज्ञ बरीच वर्षं अडून होते," संयोगिता म्हणाली. "मग गाभ्याचं अगदी बारीक चित्र मिळालं. जिथं मण्याला मणी जोडला जातो, बरोबर त्या जागी प्रथिनाचा हात नाहीच. तिथं आहे तो पट्टीच्याच जातीचा पदार्थ, आरएनए. निरोप ज्याचा, चरकही त्याचाच. म्हणजे आधी नुसता चरक होता. तेव्हा निरोप नव्हता, लिपी नव्हती. समोर येईल ते मणी तो जोडत असावा, कसेही. त्यातल्या काही माळा त्यालाच चिकटल्या, त्याला आधार झाल्या. तो जरा बरा चालायला लागला. वाचायचं काम नंतर आलं, आणि अचूकपणा त्याच्याही नंतर."

"आनि त्यो पयला चरक कुटनं आला?"

"तिथून मागं अंदाज आहेत. नक्की कुणालाच माहीत नाही."

"मुरगूडास्नं आला असंल," हंबीरराव म्हणाले आणि खोकले. आठवडाभर आधीपासून माईकवर रायबोसोमचं वर्णन करून त्यांचा घसा बसला होता, आणि डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या. संयोगितानं पाकीट बघितलं. "आबा, ही गोळीसुद्धा हेच करते. तुमच्या घशातल्या जंतूंच्या रायबोसोममध्ये जाऊन अडकते. त्यांचं ओवणं बंद."

"आनि माझं?"

"तुमच्या चरकात तीच जागा थोडी वेगळी आहे. गोळी तिथं धड बसत नाही."

हंबीररावांनी गोळी पाण्याबरोबर घेतली आणि जरा वेळ आपल्या पोटाकडं आदरानं बघत राहिले.

कृष्णातनं काय केलं, तर चरकाला हात लावला नाही. रुळांच्या अलीकडं, सगळ्यात बाहेर, एक चाचपणारं बोट बसवलं. पट्ट्या त्याच्याखालून सरकत जायच्या. 'इथून सुरू'च्या तीन पट्ट्या बोटाखाली आल्या की बोट खाली पडायचं, स्कूटरची क्लचवायर ओढली जायची आणि वरचा रूळ खाली येऊन कामाला लागायचा. सगळं जमलं, फक्त बोट जमेना. खिळा लावला तर अडकायचा, तार लावली तर वाकायची.

बाबालालच्या खिशात त्याचा आकडा होता. ओवताना रेशमाचा दोरा ताणून धरायचा पोलादी आकडा. त्याच्या वडलांच्या हातापासून वापरात, आणि दोऱ्यानं घासून घासून इतका गुळगुळीत झालेला की बोटावरून पाण्यासारखा सरकावा. कृष्णातनं तो बघितला.

"दे जरा."

"जरा म्हंजे?"

"बसतोय का बगतो नुसतं."

तो बसला. असा बसला की जणू मशीनमध्ये त्याचीच जागा इतकी वर्षं मोकळी होती. चेन सोडली. श्री आकड्याखालून निवांत निघून गेला, त्याचं कासव झालं नाही. खूण आली, आकडा पडला, वरचा रूळ डुलत खाली आला. हमाल आले, धक्के खाऊन गेले, परत आले. साज पानापानानं वाढत गेला आणि झुलत जाऊन ताटात पडला. मांडवात बसून फुलं निवडणाऱ्या अंबूबाईंनी चष्मा वर करून तो बघितला. अंबूबाईंच्या गळ्यात स्वतःचा साज आहे आणि त्या कुणाची भीड ठेवत नाहीत.

"आता बरुबर हाय," त्या म्हणाल्या.

घरगुती गणपती गेले. दुसऱ्या दिवसापासून शिरोळकडचे, कागलकडचे टेम्पो यायला लागले, आणि मशीन एकदाही चुकलं नाही. इथं खरं तर कृष्णातच्या विजयाचं वर्णन यायला पाहिजे. पण हंबीरराव पडले व्यवहारी माणूस. पुतणीचं एक वाक्य त्यांनी नीट ऐकून ठेवलं होतं, की खुणेच्या आधी काहीही लिहिलं तरी माळेला फरक पडत नाही. त्यांनी राजवीरला बाजूला घेतलं. संध्याकाळपर्यंत श्रीच्या मागं चार पट्ट्या वाढल्या होत्या. एकीवर एका नगरसेवकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या, एकीवर एका चप्पल दुकानाचं नाव, एकीवर 'सौजन्य', आणि एकीवर नुसताच एका भाऊंचा फोटो, खाली काहीच नाही, कारण भाऊ सगळ्यांना माहीत आहेत.

राजवीर पालटला तो तिथं. एलईडीवर नाव झळकतं आणि जातं. इथं नाव खडखडत रुळांकडं निघतं, चौकातली माणसं त्याच्याकडं बघत राहतात, आणि नाव खऱ्याखुऱ्या यंत्राखालनं गाजत बाहेर पडतं. पट्टीसाठी माणसं राजवीरच्या घरी जाऊन बसायला लागली. चेन वाढवावी लागली, मग दुसरी सायकल मोडावी लागली. शेवटी शेवटी अशी गत झाली, की श्री आत जायचा, मागनं अर्धी पेठ जायची, आणि खूण येईपर्यंत बघणाऱ्यांपैकी निम्मे समोरच्या तालमीचा पडदा बघून परत आलेले असायचे. काही जण आपल्या माणसाची पट्टी गेली की टाळ्या वाजवून निघून जायचे. साज त्यांनी बघितलाच नाही.

कृष्णात संयोगिताला म्हणाला, "असं असतंय व्हय तुझ्या पेशीत?"

"काही निरोपांचं तोंड असतं असं लांबलचक," ती म्हणाली आणि हसू दाबत निघून गेली.

विसर्जन झाल्यावर मंडळाची बैठक झाली. चरक भंगारात जाणार नाही, असं ठरलं. ठराव राजवीरनं मांडला. पुढच्या वर्षीच्या पट्ट्यांची नावं आत्ताच आलेली आहेत, तेव्हा देखावा कुठलाही असो, मशीन हेच आणि बोट हेच. कृष्णातला शाल-श्रीफळ दिलं. तो घरी आला आणि बनाबाईला म्हणाला, चरक राहिला. बनाबाई म्हणाली, माझं गुडघंबी ऱ्हायल्यात.

बैठक सुटताना बाबालालनं कृष्णातच्या खांद्यावर हात ठेवला. "कृष्णा, आकडा दे की. दसरा आला. साजाची कामं यायला लागल्यात. खिळ्याला दोरा बांधून ओवतोय मी."

दोघं मागच्या खोलीत गेले. कृष्णातनं पाना लावला, आकडा अर्धा सैल केला आणि रूळ हातानं फिरवून बघितला. वरचा रूळ थेट श्रीवर येऊन बसला. हमाल निघाला तो कासव घेऊनच.

"दुसरं कायतरी बसव त्येच्या जागी," बाबालाल म्हणाला.

"बसवून बगितलं. विसर्जनादिवशी सकाळी बगितलं. न्हाय बसत. आता क्लचची वायर त्या आकड्याच्या वाकाला धरून कापलीया, आनि त्या वायरीला धरून..." कृष्णात थांबला. पुढचं बाबालालनं त्याच्याच तोंडून चरकाबद्दल ऐकलेलं होतं.

बाबालालनं आकड्यावरून एकदा अंगठा फिरवला. मग त्यानं खिशातनं रुमाल काढून आकड्यावरचं तेल पुसलं.

"घट्ट कर," तो म्हणाला. "पडंल कुटंतरी."

"तुला तसलाच करून आनतो. उद्यमनगरात करतोय एकजन. हुबेहूब."

"आन की."

कृष्णातनं तीन वेळा करून आणला. पहिला दोरा कापतो, दुसरा दोरा सोडतो, आणि तिसऱ्याला बाबालालनं बरा हाय म्हटलं, पण त्याच्या पाटाशेजारच्या भिंतीत अजून खिळाच आहे. साजाची पानं ओवताना तो पायाच्या बोटानं दोरा ताणतो आणि कुणी काही विचारलं तर म्हणतो, आकडा दिलाय एकाला, आणून देतोय.

गुजरीत काम निघालं की कृष्णात हल्ली पलीकडच्या बोळातनं जातो.